पुठ्ठा धरू का?

शाळेच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर बापलोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले आणि आया भिंतींना टेकून उभ्या राहिल्या. व्यासपीठावर सातवीतली एक मुलगी होती. तिच्या डोळ्यांवर आतून स्पंज लावलेली जाड काळी पट्टी बांधलेली होती. पहिल्या रांगेतून कोणीतरी वर्तमानपत्र पुढे केलं. मुलीनं ते छातीपाशी धरलं, हनुवटी उचलली, कागदाचा वास घेतल्यासारखं नाक फिरवलं आणि घडाघडा वाचायला लागली.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"मेंदूच्या मधल्या कप्प्याला जन्मापासून कुलूप असतं," शाळा सुटल्यावर मुलांचे मेंदू-जागृतीचे वर्ग घेणारे अंतर्दृष्टी सर माइक तोंडाशी घेऊन म्हणाले. "मी फक्त किल्ली फिरवतो! मग अक्षरांच्या लहरी थेट आत. डोळे हवेतच कशाला? आणि मुलांचं वर्गात लक्ष लागत नाही, ही तक्रार तर विसराच!"

या हिशेबानं गावातल्या चष्मेवाल्यांनी गाशाच गुंडाळायला हवा होता. पण खुद्द सरांच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता आणि तो कोणालाही खटकला नाही.

खटकला तो फक्त तिसऱ्या रांगेत बसलेल्या विज्ञानाच्या बाईंना. पण त्या बोलणार काय? व्यासपीठावरची मुलगी त्यांचीच लेक होती.

"बाई, तुमच्या घरात हिरा आहे हिरा!" मुख्याध्यापक, म्हणजे शाळेचे मोठे सर, खुर्चीवरून वळून म्हणाले. मग त्यांनी माइक घेऊन जाहीर करून टाकलं, की पुढच्या महिन्यापासून विज्ञानाच्या तासाला जागृतीचा वर्ग होईल आणि सुट्टीत ही गुणी मुलगी सरांबरोबर गावोगावच्या शाळांत प्रयोग करेल.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी बाईंची गत झाली. खोटं आहे म्हणावं, तर भरल्या सभेत पोटच्या पोरीला लबाड ठरवायचं. गप्प बसावं, तर पोर त्या लबाडीत गळ्यापर्यंत रुतणार. चहूकडून अभिनंदनाचे हात पुढे येत होते आणि त्या एकेक हात हातात घेत होत्या.

घरी लेकीनं न जेवताच ताट बाजूला सारलं.

"भूक नाही?"

"आई, मला नाही जायचं गावोगाव."

"मग मला एक सांग. कसं वाचतेस तू?"

पोरीला रडू फुटलं. "लहरीबिहरी काही नाही गं. पट्टी नाकावर टेकते ना, तिथे बाजूला फट राहते. तिच्यातून खाली बघते. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं, दिसत नाही म्हणून. तर सर म्हणाले, तुझ्या मनात खोट आहे. सगळ्यांसमोर उभं करून ठेवलं मला. बाकीच्या सगळ्यांना खरंच दिसतं, आई. मीच एकटी लबाड."

"विचारलंस त्यांना?"

"कशी विचारणार? मग माझंच कळेल ना!"

बाईंना त्या माणसाचा असा संताप आला, की हातातलं भांडं त्यांनी आदळलंच. मग लेकीला जवळ घेता घेता त्यांच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. अख्खा वर्गच असा एकेकटा अडकून पडला असेल तर?

दुसऱ्या दिवशी बाई लेकीच्या वर्गात आल्या त्या काळी पट्टी बांधूनच. दारापासून खुर्चीपर्यंत चाचपडत आल्या, कोणाचं तरी पुस्तक मागितलं आणि अर्धं पान वाचून दाखवलं. वर्ग आ वासून बघत राहिला.

"मी तुम्हाला फसवलंय," बाई म्हणाल्या. "कसं, ते तुम्ही शोधायचं. जवळ या, हात लावा, पुस्तक हलवा. आधी अंदाज सांगा, मग करून बघा."

एरवी त्याच तासाला जांभया देणारी मुलं बाकांवरून उड्या मारून पुढे आली. कोणी पुस्तक बाईंच्या डोक्यावर धरलं. वाचता येईना! पाठीमागे धरलं, तरी येईना. छातीपाशी आणलं, की येत होतं.

"नाकाजवळ बघा, नाकाजवळ!" मागच्या बाकावरचा एक जाड्या ओरडला.

"तुला कसं रे माहीत?"

जाड्याचे कान लाल झाले. "मी... मी तिथूनच बघतो."

"तू पण?" दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. मग "मी पण", "मी पण" असा एकच गलका झाला. बाईंची लेक सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिली आणि रडता रडता हसायला लागली.

गलका ऐकून मोठे सर आले. त्यांच्या मागोमाग अंतर्दृष्टी सर.

"बघा, केवढी ऊर्जा!" अंतर्दृष्टी सर म्हणाले. "हा माझ्याच वर्गांचा परिणाम!"

बाईंची लेक पुढे आली. "मोठे सर, आज तुम्ही बांधा ना पट्टी."

मोठ्या सरांना नाही म्हणता येईना. पट्टी बांधून त्यांनी पुस्तक हातात घेतलं, जरा चुळबुळले आणि दचकून वाचायला लागले.

"उघडलं! यांचंही कुलूप उघडलं!" अंतर्दृष्टी सर ओरडले.

पोरीनं बाकावरचा परीक्षेचा पुठ्ठा उचलला. "सर, पुठ्ठा धरू का?"

"धर की," मोठे सर म्हणाले.

तिनं तो मोठ्या सरांच्या नाकाखाली आडवा धरला. वाचन जागच्या जागी थांबलं. पुठ्ठा काढला, वाचन सुरू. धरला, बंद.

"अविश्वासाच्या लहरी आड येतायत!"

"पण सर," जाड्यानं विचारलं, "स्पंजातून आरपार येणाऱ्या लहरी पुठ्ठ्याला कशा अडतात?"

वर्ग खो खो हसला. मोठ्या सरांनी पट्टी काढली तेव्हा अंतर्दृष्टी सर दारापर्यंत पोचले होते.

"मग इतके दिवस कोणी बोललं का नाही?" मोठ्या सरांनी खाली मान घालून विचारलं.

"प्रत्येकाला वाटायचं, आपणच एकटे लबाड," पोरगी म्हणाली.

असल्या चमत्कारांचं पोट एकेकट्याच्या भीतीवरच भरतं. म्हणून सगळे टाळ्या वाजवत असतील, तेव्हा शेजारच्याला हळूच विचारा, तुला खरंच दिसतंय का? आणि मग न बिचकता पुठ्ठा मागा.