ओळ संपेपर्यंतचा सूर

मी एक जुनी पायपेटी आहे, मित्रांनो. पायपेटी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. धाप लागलेल्याला फार बोलायला लावू नये. हाताच्या पेटीसारख्याच माझ्या पट्ट्या असतात, पण हवा भरायची ती पायांनी. खाली दोन पायडल आणि पोटात चामड्याचा भाता, एवढाच माझा संसार.

सुताराने मला घडवलं आणि पाठीवर थाप मारून चर्चमध्ये धाडलं. लोकांना रविवारी सुट्टी, मी मात्र नेमकी रविवारीच जुंपलेली! लग्न असो की अंत्यविधी, हसणाऱ्यांना आणि रडणाऱ्यांना सूर मीच द्यायचा. वाजवणारे पुष्कळ आले नि गेले. काही जण तर पायडल असे बडवायचे, जणू माझं नि त्यांचं सात जन्मांचं वैर.

मग शिवणकाम करणारी बाई आली. आठवडाभर शिलाईचं मशीन चालवून तिचे पाय एका लयीत मुरलेले होते. तिच्या पायांखाली मला कधी धाप लागली नाही. भाता फाटला तर तीच चामड्याचा तुकडा कापून असं ठिगळ लावायची की शोधून सापडू नये. मंडळी म्हणायची, "पेटी काय गाते!" खरं तर ती गायची. पण कौतुक कुणाला नको असतं?

पुढे विजेवरचा कीबोर्ड आला. नव्याचे नऊ दिवस सरले, तरी तो काही गेला नाही. मी जिन्याखाली पडले, अंगावर मोडक्या खुर्च्या आल्या. शेवटी चर्चच्या पाळकांना विचारून बाईनेच मला घरी आणलं.

आता बाई आजारी आहे. फुप्फुसांचं दुखणं आहे, ते बरं होणारं नाही. हे तिलाही ठाऊक आहे आणि तिच्या नवऱ्यालाही, पण दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. तिच्या पायांत बळ उरलं नाही, म्हणून मला पलंगाला चिकटवून ठेवलं आहे. ती बसल्या जागेवरून पट्ट्यांवर बोटं ठेवते आणि तिचा नवरा जमिनीवर बसून दोन्ही हातांनी पायडल दाबतो. तो घड्याळं दुरुस्त करतो. सुराशी त्याचा छत्तीसचा आकडा, पण ठोका म्हणाल तर अगदी काटेकोर. रोज सकाळी एक गीत व्हायचं. त्यानंतरच ती गोळ्या घ्यायची, दोन घोट चहा घ्यायची. तेवढ्या बळावर तिचा दिवस निघायचा.

एकदा चर्चची गाणारी मंडळी भेटायला आली. "वहिनी, तुमचंच गीत म्हणू या," म्हणून त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली. फार सुंदर गायले ते. पण दुसऱ्या ओळीलाच बाई मागे पडली. तिसऱ्या ओळीला तिने तोंड मिटलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते गेल्यावर ती म्हणाली, "अहो, उद्यापासून पेटी उघडू नका. गाणं माझ्यावाचून पुढे जातं."

त्या शब्दांनी मला जिन्याखालच्या अंधारापेक्षा जास्त दुखावलं.

दुसऱ्या दिवशी तिने गोळ्याही नाकारल्या. चहा निवून गेला. नवरा पलंगाशी जमिनीवर येऊन बसला. मग त्याने माझं झाकण उघडलं.

"नको म्हटलं ना," ती म्हणाली.

"तू बोटं तर ठेव. मी तुझ्याकडे बघून दाबतो."

"आणि तुमचा ठोका?"

"तो दुकानात. इथे तू थांबलीस की गाणं थांबलं."

तिने बोटं ठेवली. "प्रभू, आजच्यापुरता हात दे मला." एवढीशी ओळ, पण तिला तीनदा थांबावं लागलं. तो तिच्या छातीकडे बघत हलकेच पायडल दाबत राहिला आणि ती श्वास घेईपर्यंत मी सूर धरून ठेवला. ओळ संपली. बाई रडली, आणि मग तिने चहा मागितला.

तेव्हापासून आमचं रोज असंच चाललं आहे. पण मित्रांनो, मीही थकले आहे. भात्याच्या घडीत नवी चीर पडली आहे आणि ठिगळ लावणाऱ्या हातांना आता कात्री पेलवत नाही. घड्याळवाल्याने चिकटपट्टी लावून पाहिली, ती दुपारपर्यंत सुटते. तुमच्यापैकी कुणाला चामडं चिकटवता येत असेल तर या. मला पॉलिश नको, चर्चमधली जुनी जागाही नको. आणि येणं जमलं नाही, तर निदान तुमच्या घरातल्या आजारी माणसाबरोबर त्याच्या श्वासाने गा.

आज सकाळी ती "हात दे" पर्यंत आली आणि थांबली. तिला पुढचा श्वास मिळायच्या आत माझी हवा सरली आणि सूर तुटला. तिने माझ्या लाकडावरून हात फिरवला. "असू दे गं," ती म्हणाली, "तूही दमलीस."

नाही, मित्रांनो. मला इतक्यात दमून चालणार नाही. तिचा एक शब्द राहिला आहे.