गेरूचं शेवटचं पाणी

मी एक जुनी दगडी डोणी आहे, आणि रविवार उजाडला की माझ्या पोटात गोळा येतो. हसू नका, मित्रांनो. डोणीला पोटाशिवाय दुसरं असतं तरी काय?

तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात मी असते. दर रविवारी आजूबाजूच्या बंगल्यांतली कुत्री इथे आंघोळीला येतात आणि त्यांना माझ्यात बसवतात. एवढ्या गमतीला भिण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायचं आहे. मध्येच उठून जाऊ नका म्हणजे झालं.

माझा जन्म बेडशाचा. लेण्यांच्या डोंगराखाली एक काळा धोंडा पडून होता, त्यातून सीताराम पाथरवटाने मला घडवलं. सव्वा महिना तो माझं पोट कोरत होता. पाणी सोडायला त्याने तळाशी एक भोक ठेवलं. त्यात चिंध्यांचा बोळा ठोकला की मी भरायची, उपसला की रिकामी व्हायची. काम झाल्यावर त्याने माझ्या काठावर थाप मारली आणि घरच्या नव्या सुनेला म्हणाला, "येसूबाई, चार पिढ्या हालणार न्हाई ही. जिवाला पानी पाजंल."

त्या येसूबाईने मला लेकीसारखं सांभाळलं. सकाळ-संध्याकाळ बैल माझ्यात पाणी प्यायचे. त्यांची ओली नाकं, गरम श्वास, ढुसण्या! तेव्हा मी कुरकुर करायची, आता आठवण येते. बैलांना गोचीड झाले की येसूबाई बाटलीतलं औषध झाकणाने मोजून पाण्यात कालवायची आणि फडक्याने त्यांचं अंग पुसायची. पण त्याआधी एक काम ती कधीच विसरली नाही. बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचं. औषध वाळेपर्यंत त्याने अंग चाटायचं नाही. बैल कितीही केविलवाणं बघू दे, मुसकं सुटायचं नाही.

पुढे बैल विकले गेले. येसूबाई, तिचा मुलगा निलेश आणि सून कोमल या बंगल्याची राखण करायला तुंगार्लीला आले. बंगल्याच्या मालकीणबाई राजेश्वरीताई. त्या पुण्याच्या, शनिवारी येणार आणि सोमवारी जाणार. एकदा त्या बेडशाला गेल्या, त्यांनी मला पाहिलं आणि "अगं बाई, किती सुंदर!" म्हणाल्या. माझ्या पोटात तेव्हा शेवाळ आणि शेरडांच्या लेंड्या होत्या. पण बाईंना काय सुंदर दिसेल सांगता येत नाही. टेम्पोतून मला इथे आणलं आणि माझ्यात कमळं लावली. कमळं! बैल पोसलेल्या डोणीत! ती महिनाभरात कुजली आणि मी मनातल्या मनात नाचले.

मग गेरू आला. तिकोणा पेठेच्या रस्त्यावर राजेश्वरीताईंना सापडलेलं ते पिल्लू, गेरूने सारवलेल्या ओट्याच्या रंगाचं. म्हणून नाव गेरू. मालकीण त्या असल्या तरी आठवडाभर तो असायचा येसूबाईच्या पायांत. आणि आंघोळीचं वेड असलेला कुत्रा मी तेवढाच पाहिला. नळाचा आवाज आला की कुठे असेल तिथून धावत यायचा आणि उडी मारून माझ्यात बसायचा. पाणी भरायला उशीर झाला की नखांनी माझा तळ खरवडायचा. खर्र, खर्र. "आले रं, आले," म्हणत येसूबाई पदर खोचून यायची.

त्याचं बघून शेजारचेही आपली कुत्री आणू लागले आणि कोमलचा रविवार सुरू झाला. काय एकेक नग यायचे! सिंबा नावाचा लॅब्रेडोर पाण्यात बसला की उठायलाच तयार नसायचा, त्याला दोघांनी ओढून काढायचं. जिनी नावाची पॉमेरियन पाणी लागायच्या आधीच अशी किंचाळायची की पलीकडचे लोक कंपाउंडवरून डोकवायचे. "मेले मी, अजून तांब्या बी उचलला न्हाई!" कोमल म्हणायची. जर्मन शेफर्ड कर्नल, ज्याला बघून पोस्टमन फाटकाबाहेरूनच पत्र टाकायचा, तो माझ्यात उभा राहिला की शेपूट पोटाशी घेऊन थरथरायचा. चहाच्या टपरीवरचा काळ्या मात्र मान खाली घालून, डोळे मिटून, सगळं सोसायचा. जणू आयुष्यात एवढं तर होणारच होतं. आंघोळ संपली की तोच सगळ्यांत जास्त पळायचा. अंगणभर नुसता धुमाकूळ. मी हसून हसून तडकते की काय असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात गेरूच्या अंगावर गोचीड झाले. कानांत, बोटांच्या बेचक्यांत, सगळीकडे. तो दिवसभर खाजवायचा. त्या दिवशी धुकं इतकं होतं की फाटक दिसत नव्हतं. कोमल आणि निलेश बाजारात गेले होते. येसूबाईने खोलीतल्या फळीवरून बैलांच्या औषधाची जुनी बाटली काढली. एक झाकण ओतलं. गोचीड लय झालेत म्हणून वर अजून एक. बैल केवढा आणि गेरू केवढा, हे तिच्या ध्यानात आलं नाही, मित्रांनो. जन्मभर तिने एकच माप वापरलं होतं.

गेरू नेहमीसारखा उडी मारून आत आला. तिने त्याला चोळून आंघोळ घातली. बाहेर काढल्यावर मुसक्यासाठी दोरी हातात घेतली. तो तिच्याकडे बघून शेपूट हलवत होता. "नगं, लेकराला काय बांधायचं," म्हणाली, आणि दोरी टाकून दिली. बैलांच्या बाबतीत कधी विरघळली नाही ती बाई, गेरूपुढे विरघळली.

गेरूने आपलं अंग चाटलं, पंजे चाटले, तिचे हात चाटले. घटकाभरात त्याच्या तोंडाला फेस आला आणि पाय लुळे पडले. येसूबाईने ओरडून शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. बिचारे धुक्यातून स्कूटरवर आले आणि धापा टाकत विचारलं, "काय झालं? काही खाल्लं का याने?"

येसूबाईने तोंड उघडलं. मला वाटलं, सांगेल. औषधाचं पाणी अजून माझ्यात होतं, चार हातांवर. पण नोकरी जाईल, ताई काय म्हणतील, लोक काय म्हणतील, असलं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं. ती म्हणाली, "पान लागलं, डॉक्टर. साप व्हता झुडपात."

डॉक्टरांनी सापाचं इंजेक्शन दिलं. ते वाकलेले असतानाच तिने मागे सरकून माझा बोळा उपसला. पाणी गटारात गेलं. गेरूही गेला.

दुसऱ्या दिवशी निलेशने झुडपं तोडली आणि त्यात दडलेली एक गरीब धामण काठीने मारली. राजेश्वरीताई पुण्याहून रडत आल्या आणि उलट येसूबाईचीच समजूत काढत बसल्या. "मावशी, तुमचा काय दोष?" येसूबाई तेव्हा रडलीसुद्धा नाही. मला तिची भीती वाटली.

त्यानंतर तिने मला राख आणि काथ्याने कितीदा घासलं याला गणती नाही. माणसाला वाटतं वास गेला, पण कुत्र्याला फसवता येत नाही. रविवार पुन्हा सुरू झाले तेव्हा सिंबा पहिल्यांदा माझ्या काठाशी आला, वाकून तळाचा वास घेतला आणि मागे सरला. पाण्यावर जीव टाकणारा सिंबा! जिनी आता किंचाळत नाही, गप्प होते. कर्नल माझ्या एकाच कोपऱ्याकडे बघून गुरगुरतो. तिथे कोणी नसतं. गेरू तिथेच बसायचा.

आणि मी रिकामी असले तरी दुपारी माझ्या तळावर आवाज येतो. खर्र, खर्र. तुम्ही म्हणाल, पाल असेल. मीही असंच म्हणायची. पण तो आवाज आला की येसूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येते. "आले रं, आले." अर्ध्या अंगणात येऊन थांबते. कोरडा तळ बघते आणि परत जाते. म्हणजे तिलाही ऐकू येतं. दोन वर्षांत तिने एकाही कुत्र्याला पाणी घातलं नाही, आणि ती बाटलीही फेकली नाही. फेकायची तर हातात घ्यावी लागते ना.

आज, रविवारी, राजेश्वरीताईंनी पवनेच्या धरणाकडून एक पिल्लू आणलं. पांढरं, काडीसारखे पाय. नाव चिमी. अंगावर केसांपेक्षा गोचीड जास्त. येसूबाई आत भाकऱ्या थापत होती. कोमलने मला पाण्याने भरलं, खोलीत जाऊन ती बाटली आणली आणि झाकण उघडलं. तो वास! दोन वर्षांनी माझ्या दगडात पुन्हा तो वास उतरला. मी ओरडले, मित्रांनो, पण दगडाचं ओरडणं कोणाला ऐकू जाणार? कोमलने एक झाकण ओतलं. चिमीला उचललं. चिमीने चारी पाय माझ्या काठावर रोवले आणि जीव खाऊन मागे रेटू लागली.

"भित्री आहे गं," राजेश्वरीताई हसल्या. "हळू घे."

तो वास आत पोचला असावा, पिठाच्या हातांनी येसूबाई धावत आली. माझ्याजवळ ठेवलेली बाटली तिने पाहिली. चिमीचा एक पाय पाण्यात बुडला होता आणि ती तो चाटायला मान वाकवत होती. येसूबाईने तिला हिसकावून घेतलं, तिचा पाय पदराने खसाखसा पुसला, नळाखाली धरला, पुन्हा पुसला.

"आत्याबाई, अहो काय करताय?" कोमल घाबरली. "गोचिडाचं औषध हाय ते!"

"व्हय. म्हाईत हाय मला."

"मावशी, काय झालं?" राजेश्वरीताई उठून उभ्या राहिल्या.

तेव्हा ती गप्प बसू शकली असती. औषध जुनं झालंय म्हणाली असती तरी चाललं असतं. चिमी वाचलीच होती. पण येसूबाई माझ्या काठावर बसली आणि म्हणाली, "ताई, गेरूला पान लागलं न्हवतं. म्या मारला त्याला. ह्याच औषधानं. दोन झाकणं ओतली. तोंड बांधलं न्हाई."

कोमलच्या हातातलं झाकण खाली पडलं. राजेश्वरीताईंनी ते उचलून बाटलीला घट्ट लावलं. मग एवढंच विचारलं, "डॉक्टर आले होते ना?"

"आलते."

"त्यांना सांगितलं असतं तर वाचला असता?"

"ठावं न्हाई," येसूबाई म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "कदी इचारायची हिंमतच झाली न्हाई, ताई. त्यो शेवटपर्यंत माझा हात चाटत व्हता. त्या हाताला बी औषधच व्हतं."

राजेश्वरीताईंनी चिमीला तिच्याकडून घेतलं आणि आत गेल्या. दार लावलं. थोड्या वेळाने त्या पुन्हा बाहेर आल्या, डोळे सुजलेले. त्यांनी स्वतः माझा बोळा उपसला, मला चार वेळा धुतलं, साधं कोमट पाणी भरलं आणि चिमीला येसूबाईपुढे ठेवलं. "तुम्हीच घाला," म्हणाल्या. "मी इथे बसून बघणार आहे. तुम्हाला माफ केलंय असं समजू नका." येसूबाईने चिमीला आंघोळ घातली. चिमी रडत होती, बाईही रडत होती. उद्या चिमीला डॉक्टरांकडे नेणार आहेत, आणि तेव्हाच खरं सांगितलं असतं तर गेरू वाचला असता का, हे येसूबाई त्यांना विचारणार आहे.

मित्रांनो, मुक्या जिवाला औषध देण्याआधी ते कोणासाठी आहे, किती द्यायचं आहे, हे जाणत्याला विचारा. एवढं तर कोणीही सांगेल. माझं सांगणं त्याच्या पुढचं आहे. चूक कोणाच्याही हातून होते, मायेपोटीसुद्धा होते. पण झाली की त्याच घटकेला तोंड उघडा, शरम वाटली तरी, नोकरी गेली तरी. डॉक्टर धुक्यातून धापा टाकत आले, त्यांनी विचारलं, आणि मित्रांनो, गेरू तेव्हा श्वास घेत होता.