रात्रीचा चष्मा

भर दुपारी बारा वाजता ट्रकवाला दुकानात शिरला आणि शिरल्या शिरल्या त्यानं चष्मेवाल्याची मानगूट धरून तोंड काउंटरवर आपटलं. ना काय, ना कसं! काउंटरची काच तडकली, चष्मेवाल्याचं नाक फुटलं आणि फ्रेमा दुकानभर उधळल्या.

"रात्री चालवायला चष्मा मागितला होता ना तुझ्याकडे? समोरचे दिवे फाकणार नाहीत म्हणालास! फाकले! डोळ्यांपुढे नुसता उजेड!" दर वाक्याला एक गुद्दा. "माझा सख्खा धाकटा भाऊ रस्त्याच्या कडेला टायर बदलत बसला होता. दिसलाच नाही मला. मीच ट्रक घातला त्याच्या अंगावर. गुडघ्यापासून पाय गेला पोराचा!"

त्यानं खिशातून चष्मा काढून चष्मेवाल्याच्या तोंडावर फेकला.

बावीस वर्षांत चष्मेवाल्यानं गिऱ्हाइकाला फसवलं नव्हतं, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. बाहीनं रक्त पुसत त्यानं चष्मा उचलला आणि सवयीनं ट्यूबलाइटखाली धरला. दिवे फाकू नयेत म्हणून काचेवर जो पातळ थर देतात, ते कोटिंग असलं की काचेत ट्यूब हिरवट दिसते. कडेला दिसत होती हिरवट. मधोमध मात्र पांढरीफटक, आणि तिथंच बारीक ओरखड्यांचं जाळं. म्हणजे कोटिंग केलेलं होतं, कुणीतरी रोज घासून घासून काढलं होतं. सुटलो बुवा, असं वाटलं बिचाऱ्याला.

"हा पुसता कशानं?" त्यानं विचारलं.

"मी धुते ना रोज," दाराशी उभी असलेली ट्रकवाल्याची बायको पटकन बोलून गेली. "ह्यांना डाग खपत नाही. भांड्याच्या पावडरीनं लख्ख करून ठेवते."

ट्रकवाल्यानं फक्त मान वळवली. हात अजून उचललाही नव्हता, तोच तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. किती वेळा झाकलं असेल, देव जाणे.

चष्मेवाल्यानं ते पाहिलं. खरं सांगितलं तर ही बाई आज वाचत नाही.

"पावडरीचा काय संबंध?" तो म्हणाला. "कोटिंग केलंच नव्हतं मी. घाईत राहून गेलं. चुकलो."

मग काय! ट्रकवाल्यानं त्याला खाली पाडून बुटांनी तुडवला. बरगडी कडकन मोडली, एक दात तोंडातच सुटला. शेजारचा शिंपी, समोरचा कापडवाला दाराशी जमले, पण आत यायची एकाची छाती होईना. "चोर आहे हा, चोर!" ट्रकवाल्यानं सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि बायकोला ढकलत तो बाहेर पडला. बावीस वर्षांचं नाव मातीत गेलं. जाऊ दे, बाई तर वाचली, असं म्हणत चष्मेवाला कसाबसा उठून बसला.

तेवढ्यात रस्त्यावरून थप्पड ऐकू आली. मग दुसरी.

"चारचौघांत तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं तुला?"

चष्मेवाल्याचं डोकंच सणकलं. अरे, एवढा मार खाल्ला तो कशासाठी? आयुष्यात कुणावर हात न उगारलेला तो माणूस शटर ओढायचा लोखंडी गज घेऊन बाहेर गेला. पहिला फटका त्यानं ट्रकवाल्याच्या खांद्यावर घातला, दुसरा गुडघ्यावर. ट्रकवाला कोसळला तरी त्याचा हात थांबेना.

"मरेल तो, सोडा!" शिंपी धावला, कापडवाला धावला, दोघांनी मिळून त्याचे हात धरले.

बायको होती तिथेच उभी राहिली. सोडा म्हणाली नाही.