राजाबाईनं धुरी सोडली

“पाय सरळ कर की गं माझ्या राणी! आखडून काय घेतीस? इतक्यात सासरी जायचंय व्हय?”

राजाबाई न्हाणीत पाय पसरून बसली होती आणि तिच्या नडग्यांवर पूर्णिमाची महिन्याची पोर पालथी पडून गावभर ऐकू जाईल अशी रडत होती. राजाबाईला त्या रडण्याचं काडीचंही काही वाटत नव्हतं. वेदगंगेकाठच्या त्या गावात आज जे जे मिशीला पीळ देऊन फिरतात, त्यांतले निम्मे असेच तिच्या नडग्यांवर बोंबललेले. सोसायटीचा चेअरमन असो की हायस्कूलचा मास्तर, राजाबाई भर चौकात ‘अरे’ म्हणायची आणि समोरचा मुकाट ‘काय गं आज्जी’ म्हणायचा. ज्याचं बूड आपण धुतलं, त्याला काय भ्यायचं?

अंघोळ झाली की धुरी. ती तर राजाबाईची खासियत! शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणीची सालं टाकायची, धुराचा लोट उठला की बाळाला त्यावरून उलटंसुलटं फिरवायचं. मग शेगडी बाळंतिणीच्या बाजेखाली सारायची आणि दार गच्च लावून घ्यायचं. चांगला धूर वाया का घालवायचा?

“आज्जी, खोकतीय गं ती,” पूर्णिमा बाजेवरून म्हणाली.

“खोकू दे. कफ सुटतोय. तू बी अशीच खोकायचीस. मेलीस व्हय?”

पूर्णिमा बेळगावात बँकेत होती, बाळंतपणाला माहेरी आलेली. कानडी, मराठी, इंग्रजी, ज्या भाषेत भांडाल त्या भाषेत गिऱ्हाइकाला उत्तर द्यायची. पण राजाबाईपुढं तीही नडगीवरचीच पोर.

दुपारी पोरीच्या ओठांवर निळी झाक आली. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला. घरच्यांनी तिला निपाणीच्या दवाखान्यात पळवलं. डॉक्टरांनी इवल्याशा नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आणि विचारलं, “घरात बिडी कोण ओढतं?”

“कोण न्हाय ओ,” पूर्णिमाची आई मालुबाई म्हणाली. “धुरी तेवढी देतो. रोज दोन टाइम.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “एवढ्याशा फुप्फुसात एवढा धूर? इथून पुढं उदबत्तीसुद्धा लावायची नाही. पुन्हा असं झालं तर माझ्याही हातात राहणार नाही.”

पोर बरी होऊन घरी आली तेव्हा राजाबाई उंबऱ्यात बसलेली होती. पूर्णिमानं जमेल तेवढं हळू सांगितलं. राजाबाई पदराचं टोक पिळू लागली.

“म्हंजे हे मी केलं व्हय?”

कुणी हो म्हणालं नाही. पण नाहीही कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी राजाबाईनं स्वतःच्या हातानं शेगडी उकिरड्यावर नेऊन टाकली. आणि मग जी काय पेटली, देवा रे! अंघोळीचं पाणी तापवायला मालुबाई दुधाच्या पिशव्या घालून चूल पेटवत होती, तिच्यावर ही खेकसली, “मालू! त्ये काय सरपण हाय?”

“ओलं लाकूड पेटत न्हाय, आक्का. पिशवी टाकली की कसं भुरकन धरतंय. सगळं गाव असंच पेटवतंय की.”

“मग सगळ्या गावाला सांगती!”

आणि खरंच सांगत सुटली. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या बिड्या विझवायला लावल्या. गल्लीतल्या पेटत्या कचऱ्यावर बादली ओतली. लोक हसायचे, “राजाबाई पोल्यूशनची साहेबीण झाली!” ती म्हणायची, “हसा. खरं पेटवू नगा.”

पोर आता दूध ओढू लागली होती. झोपेत हसायलाही लागली होती.

तेवढ्यात मालुबाई सांगत आली. शेजारचा रवळू आज ऊस पेटवणार. त्याचा फड मालुबाईच्या परसाच्या भिंतीला लागूनच. राजाबाई तशीच उठून त्याच्या रानात गेली.

“रवळ्या, ऐकलं ते खरं हाय?”

“बस की आज्जी. चहा सांगू?”

“चहा घाल चुलीत. नगं, चुलीत बी नगं! ऊस पेटवू नगंस. भिंतीपल्याड ती पोर आत्ता कुठं धड श्वास घेतीय.”

रवळूनं टोपी काढून डोकं खाजवलं. “मला काय हौस हाय? तोडणीचे टोळीवाले पाल्याच्या उसात शिरत न्हाईत. जळका दे म्हणत्यात, न्हायतर चाललो दुसऱ्याच्या रानात. ऊस उभ्यानं वाळाय लागलाय गं.”

“पाचट मशिनीनं बारीक करून कुजवत्यात म्हणं. खत हुतंय.”

“ते ऊस तोडल्यावर, आज्जी. आधी तोडाय कोण पायजे?”

बांधावर टोळीतली एक बाई बसली होती. उसाच्या पात्यांनी तिचे हात कोपरापर्यंत चिरलेले, चिरांत हळद भरलेली. राजाबाईनं ते हात पाहिले.

“वारं नदीकडं गेलं तरच पेटवतो,” रवळू म्हणाला. “तुझी आन.”

त्यानं शब्द पाळला. वारं नदीकडं वळेपर्यंत थांबला, मगच काडी लावली. फड तडतडत पेटला, ज्वाळा नारळाच्या उंचीला गेल्या. आणि वारं फिरलं. वाऱ्याला कोण आन घालणार?

मालुबाईनं दारं लावली, खिडक्यांत ओली लुगडी कोंबली. पण कौलांचं घर. धूर वरून उतरला. पोर आधी खोकली. मग खोकायचीही थांबली, नुसतीच तोंड उघडून श्वास ओढू लागली.

रवळूच गाडी घेऊन धावत आला. तोंड काळंठिक्कर, डोळ्यांत पाणी. धुराचं का कशाचं, कळत नव्हतं. “बसा! काचा उघडू नगा, निपाणीपर्यंत दोन्हीकडं फड पेटलेत.”

पूर्णिमा आणि मालुबाई बसल्या. राजाबाई गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता मागं सरली.

“माझ्या लुगड्याला धुराचा वास मारतोय. मी न्हाय येत. जावा तुम्ही.”

गाडी गेली. अजून फोन आला नव्हता. परसात दोरीवर पोरीची धुतलेली दुपटी आणि झबली वाळत होती, आणि त्यांवर उसाची काजळी हळूहळू उतरत होती. हात लावला की काळा फराटा उठतो, हे राजाबाईला ठाऊक होतं. म्हणून तिनं हात मागं बांधले आणि एकेका झबल्याला हलकी फुंकर घालू लागली.

एक झबलं पांढरं होई. ती पुढच्याकडे वळे. तोवर मागच्यावर पुन्हा काजळी बसलेली असे.