दूध केंद्रातली संशयी पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. त्यात माझी काही चूक नाही. मी राहते न्हावऱ्याच्या एका दूध केंद्रात. इथं सख्ख्या भावाची किटली आली तरी आधी तपासतात, मगच दूध ओतून घेतात.

माझा जन्म दौंडच्या एका पत्रेवाल्याकडे झाला. पुढे शाळेतल्या अनुपमाबाईंनी मला पुस्तकांनी गच्च भरून इथं आणलं. भुताच्या गोष्टी, मधमाश्या, ग्रहतारे, चोराच्या मागावर निघालेल्या फौजदाराची जाडजूड कादंबरी, सगळं माझ्या पोटात. रांगेतले लोक वाचू लागले, घरी नेऊ लागले. माझं फार कौतुक झालं. मी मात्र परत येणारं प्रत्येक पुस्तक हुंगून घ्यायची.

रोज दूध घालायला येणाऱ्या चांदबीनं नेलेल्या पुस्तकांना पेंडीचा वास यायचा, पानांवर शेणाचे ठिपके असायचे. केंद्रात तर ती अंगठा उठवायची! मग पुस्तकं कशाला नेते? म्हशीला वारा घालायला? केंद्राचे सचिव आनंदराव यांनाही शंका आलीच.

"चांदबी, तुमाला वाचता येत न्हाई, मग नेता कशाला?"

"लागतंय घरी, आप्पा," ती पुटपुटली. रांग हसली. आनंदरावांनी तिच्या हातातली कादंबरी काढून घेतली आणि मला कुलूप ठोकलं. मला अगदी सुरक्षित वाटलं.

दुसऱ्या दिवशी चांदबीची किटली अर्धीच आली. त्यानंतर त्याहून कमी. आनंदरावांचा संशय बळावला.

"बाकीचं दूध कुठल्या डेअरीला घालता?"

चांदबीचे डोळे भरले. त्या एका म्हशीवर तिचं घर चालत होतं. "गोठ्यावर चला, आन् सोताच बघा," ती म्हणाली. "येताना ते पुस्तक घ्या."

गोठ्यात काय झालं ते नंतर तिनंच भर रांगेत सांगितलं. तिची सून सुमैया पोलीस भरतीचा अभ्यास करायची. सासू धार काढायची, सून शेजारी बसून मोठ्यानं वाचायची. भरती होऊन गेली, पण म्हशीला सवय लागली, म्हणून मग माझ्यातली पुस्तकं. वाचन थांबलं की ती पान्हा चोरायची. हे चारचौघांत सांगायचं कसं, म्हणून चांदबी गप्प राहिली होती.

आनंदरावांना ते पटेना. त्यांनी स्वतःच खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. म्हैस ढिम्म. वर त्यांच्या तोंडावर शेपटीचा फटकारा. मग सुमैयानं पुस्तक घेतलं. दोन ओळी झाल्या आणि बादलीत धार वाजू लागली. आनंदराव पेंडीच्या पोत्यावर बसून ऐकू लागले. फौजदार कंदील घेऊन पडक्या विहिरीत डोकावला, तेवढ्यात बादली भरली. सुमैयानं पुस्तक मिटलं.

"अगं, हिरीत कोण हाय?"

"आता संध्याकाळच्या धारेला, आप्पा."

माझं कुलूप त्याच दिवशी निघालं, ते बरं झालं. तेवढ्या दिवसांत मधमाश्यांच्या पुस्तकाला कसर लागली होती. मित्रांनो, शेणाचा ठिपका पुसता येतो, कसरीनं खाल्लेलं पान परत येत नाही. मला जपा, पण उघडी ठेवून जपा. आणि आनंदराव कुठं भेटलेच, तर त्यांना तेवढं सांगा, वाचायला घरी नेलेली कादंबरी परत करा म्हणावं. म्हैस खोळंबली आहे.