बुटक्या पिचरची चौकशी

नेवाशाच्या राजेश्वरीचा बेसबॉलचा संघ होता, आणि तो संगणकात होता. खेळाडू खोटे, पण लीगमधले बाकीचे मॅनेजर खरे, नगरपासून पार परदेशापर्यंतचे. यंदाही संघ तळाला राहिला तर तो काढून दुसऱ्याला द्यायचा, असा लीगचा नियम. तिचा जीव टांगणीला लागला होता. नवरा, अंगद, म्हणे, "खेळाडू खोटे, मग रडू खरं कशाला?" त्याला काय कळतंय!

या खेळात पोराचं खरं कसब संगणक पोटात ठेवतो. मॅनेजरला दिसतो तो फक्त स्काउटचा, म्हणजे पोरं हेरून येणाऱ्या माणसाचा, अंदाज. पोरगं जितकं कोवळं, तितका अंदाज हुकायचा धोका जास्त. शिवाय स्काउटलाही आवडीनिवडी असतात. पण बहुतेक मॅनेजर त्याने पोराला गुण म्हणून दिलेल्या चांदण्या मोजतात आणि मोकळे होतात.

राजेश्वरीने आधी स्काउटचीच चौकशी केली. स्थळ आलं की आपण मुलाआधी मध्यस्थाला जोखतोच की! तो "मुलगा शांत आहे" म्हणाला, तर मुलगा घुम्याही निघू शकतो. आपल्या नावाजलेल्या स्काउटने पूर्वी वाखाणलेली पोरं पुढे कशी निघाली, ते तिने ताडून पाहिलं. गडी उंच पोरांवर फिदा! त्याने डोक्यावर घेतलेले ताडमाड आपटले होते, आणि नाकं मुरडलेले बुटके चमकले होते.

संघात नवी पोरं निवडायच्या दिवशी तिने स्काउटने हिणवलेला बुटका पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, दुआर्ते उचलला. लीगच्या ग्रुपवर हशा पिकला. "वहिनी, बेसबॉल आहे, गोट्या नाहीत," नगरच्या कल्याणने लिहिलं. ती चिडली, पण हटली नाही.

दुआर्तेने हंगामभर भल्याभल्यांना पाणी पाजलं. तळातून सुटायला शेवटचा सामना जिंकायचाच होता, आणि समोर कल्याणचाच संघ. दुआर्तेने शेवटचा फलंदाजही बाद केला. कल्याणचा लगेच निरोप, "वहिनी, माझे तिघे घ्या, हा द्या." राजेश्वरीने ठणकावून नाही म्हटलं. तिची छाती अभिमानाने फुगली.

"आई, संघ राहिला!" ती ओरडली.

ओट्यावर तिच्या सासूबाई, गोजरबाई, शेजारच्या रंगुबाईंबरोबर लसूण सोलत होत्या. "बघ, सुनंनं पोरगं हुडकलंय," त्या म्हणाल्या. "समद्यांनी नापास केल्तं, ही एकटी म्हनली, ह्योच!"

"कुनासाठी? पगार किती हाय?" रंगुबाई सरसावल्या.

"आगं, लग्नाचं न्हाई, खेळातलं पोरगं! पर हिची पारख लई पक्की. आमच्या घरात यायच्या आधी हिनं मामाला धाडून गल्लीत आमची चौकशी केल्ती. सासू भांडकुदळ हाय का, ते सुदिक इचारलं. मला तवाच कळलं हुतं."

राजेश्वरी उंबऱ्यातच थबकली. इतक्या वर्षांत सासूबाई त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"आन समदं इचारून मग व्हय म्हनली," गोजरबाई मान ताठ करून म्हणाल्या. "म्हंजे आमी पास झालेली मानसं हाय, रंगू!"