न पेटलेली चूल

"दोन वाजले, आणि एकाही घरातून साधी शोरब्याची वाटी नाही," मन्नूबिया मावशी माझ्या कानाशी कुरकुरली. "गेला तो सुटला. आम्ही मात्र उपाशी."

मी तिला कोपरानं ढोसलं. मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटवायची नसते, जेवण शेजारी आणतात. आमच्या केफ गावात तर इतकं येतं, की उरलंसुरलं मांजरांना जातं. माझ्या भावाला, मुन्सिफला, काल पुरलं आणि आज दाराशी मांजरंसुद्धा नव्हती. चूल पेटवावी, तर कांदा परतल्याचा वास गल्लीभर जाणार आणि आपल्याकडे कुणी काही आणलं नाही हे लोकांना कळणार. जणू न आणणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं! म्हणून आम्ही बायका भूक नसल्यासारखा चेहरा करून खजूर चघळत बसलो होतो.

"लोक कामात असतील," मुन्सिफची बायको सईदा म्हणाली.

"हो तर. अख्खी गल्ली एकदम कामात."

मुन्सिफ जुन्या राजवटीत पोलिसात होता, ठाण्याच्या तळघरात. घरात आम्ही त्या तळघराला 'कचेरी' म्हणायचो.

त्याची लेक रिहाब राजधानीत मानसशास्त्र शिकून आलेली. कालपासून ती मला समजावत होती, की स्वतःला, कोण जाणे.

"आत्या, राक्षस म्हणून कुणी जन्माला येत नाही. आजोबा बाबांना पट्ट्यानं मारायचे. मग वर्दी, वरून हुकूम, आजूबाजूला सगळे तेच करणारे. माणूस एकेक पायरी उतरत जातो गं."

"तो पट्टा मीही खाल्लाय. मी तर कोंबडी कापतानाही डोळे मिटते."

"तुला वर्दी कुठे मिळाली?"

पोरगी हुशार आहे.

इतक्यात दार ढकललं गेलं. समोरच्या घरातली मबरूका, हातात फडक्यानं झाकलेली, वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसची परात. आम्ही सगळ्याच उठून उभ्या राहिलो. बाकी कुणीही आलं असतं तरी चाललं असतं. तिच्या नूरीला ऐन विशीत त्या तळघरात नेलं होतं. तेव्हापासून त्याचा उजवा हात उचलत नाही. तो डाव्या हातानं जेवतो. आमच्याकडे पोरांचा डावा हात ताटात गेला की चापट बसते, पण नूरीला गल्लीत कधी कुणी टोकलेलं नाही.

"गरम आहे तोवर खा," मबरूका म्हणाली. "हरभरे जरा जास्त पडलेत."

पहिला चमचा अर्थातच मन्नूबिया मावशीचा. दुसरा माझा. सईदानं नुसता हातात धरला.

रिहाबला राहवेना. "काकू, बाबांना माफ कराल? काल कबरीपाशी इमामांनी सगळ्यांना विचारलं, मयताला माफ केलं ना, तेव्हा नूरीदादा काहीच बोलला नाही म्हणे."

आणि तिनं सगळं सांगितलं. पट्टा, वर्दी, हुकूम, पायऱ्या. डॉक्टरकडे बसून ऐकावं तसं मबरूकानं ऐकून घेतलं.

"म्हणजे काही आजार होता का?"

"आजार नाही, काकू. परिस्थिती. त्या जागी कुणीही असतं तरी..."

"कुणीही? माझा नूरीपण?"

रिहाब लाल झाली. "कदाचित."

"असेल बाई. तू शिकलेली आहेस." मबरूकानं परातीच्या कडेला पडलेला हरभरा बोटानं आत ढकलला. "मग मला एवढंच सांग. हुकूम होता बोलतं करायचा. नूरी पहिल्याच दिवशी बोलला, मित्रांची नावंसुद्धा दिली त्यानं. तरी पुढचे सगळे दिवस कशाला? नूरी मला अजून विचारतो. मी काय सांगू त्याला?"

रिहाबनं माझ्याकडे पाहिलं. मी परातीत पाहिलं. माझ्या तोंडात मबरूकाच्याच हातचा घास होता.

"कामानं वैतागला असेल मुन्सिफ," मन्नूबिया मावशी पुटपुटली. "नोकरी म्हणजे..."

"मावशी, बास," सईदा म्हणाली.

तिनं चमचा खाली ठेवला.

"त्या दिवसांत ते शीळ घालत घरी यायचे. दोन-दोनदा वाढून घ्यायचे. रिहाबला खांद्यावर घेऊन अंगणात नाचायचे. एकदा मी विचारलं, बढती मिळाली का? तर नुसते हसले." तिनं मान वर केली, मुलीकडे न बघता. "नूरीला सांग, मबरूका. त्यांना ते आवडायचं. आणि मला ते माहीत होतं."